मनुबाईची भांग

१

मनुबाई घरी परतली नाही तर तिच्या भावाचा किती फायदा होता, याचा हिशोब आनंदवेल मनोपचार केंद्रात सोमवारी दुपारच्या चहाच्या आत तयार झाला. खाडीकाठच्या कोळीवाड्यात बापाचं दोन खोल्यांचं घर, त्यात बहिणीचा निम्मा वाटा. घरासमोरून नवा रस्ता जाणार अशी बोलवा, म्हणजे तो वाटा उद्या सोन्याचा. शिवाय वेडी नणंद घरात नसली की बायको खूश आणि पोरींची लग्नं सोपी. असा सगळा लाभ असताना कोणता भाऊ बहिणीला घरी नेईल?

हिशोब मांडणारे तिघे होते. डॉक्टर सलिल, मेट्रन समीक्षा आणि मॅनेजर सुदेश. तिघंही शिकलेले, तिघंही मनुबाईला अकरा वर्षं ओळखणारे. दुसऱ्याच्या नफ्याची बेरीज करताना माणसाचा हात कधी चुकत नाही. आपल्या नफ्याचा रकाना मात्र त्याला दिसत नाही, किंवा दिसला तरी तो त्यावर चहाचा कप ठेवतो.

निमित्त झालं होतं एका पत्राचं. ते मनुबाईच्या फाइलमध्ये सकाळी शीला ढमढेरेला सापडलं. संगणकावर टाइप केलेलं, खाली जांभळ्या शाईतला अंगठा.

‘मी काळुराम, सदर रुग्ण मनुबाई हिचा सख्खा भाऊ, लिहून देतो की, सदर रुग्णास भांगेचे व्यसन असून दर पंधरा दिवसांनी ती भांगेसाठी घर डोक्यावर घेत असे. सबब तिला घरी नेणे आम्हांस शक्य नाही. तिला निराधार समजून संस्थेने योग्य तो निर्णय घ्यावा.’

योग्य तो निर्णय आधीच झालेला होता. ज्यांना कुणी नाही अशा रुग्णांची संस्थेच्या डोंबिवलीच्या नव्या केंद्रात रवानगी व्हायची होती. शनिवारी सकाळी गाडी. तिथे गेलेला माणूस कागदोपत्री कायमचा तिथलाच. आणि मनुबाई गेले चार दिवस आईकडे जायचं म्हणून कापडी पिशवी भरून खाटेवर बसलेली, कारण शीलानेच तिला सांगितलं होतं की भावाला निरोप धाडलाय, तो येईल.

शीला ही केंद्राची सामाजिक कार्यकर्ती. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या बिस्किट कारखान्याच्या इमारतीत हे केंद्र चालतं, आणि तिथल्या पॅसेजमध्ये वजनकाटा आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मधोमध तिचं टेबल. ज्याला वजन करायचं त्याने तिला उठवायचं, ज्याला पाणी प्यायचं त्याने तिच्या कागदांवर सांडायचं. डॉक्टरांच्या मते तिचं काम नातेवाइकांच्या सह्या आणणं. मेट्रनच्या मते सणावारी पेशंटांकडून रांगोळ्या काढून घेणं. मॅनेजरचं मत सर्वांत नेमकं होतं: काहीच नाही. प्रत्यक्षात बरं झालेलं माणूस घरापर्यंत पोचवायचं आणि घराला त्या माणसापर्यंत आणायचं, हे तिचं काम. पण या कामाला इंजेक्शन नाही, मशीन नाही, त्यामुळे मानही नाही.

चौपन्न वर्षांची ही बाई मूळची संगमनेरकडची, राहायला वर्तकनगरात. केंद्रात येऊन तिला चारच महिने झालेले. पत्र तिने तीनदा वाचलं. मग मनुबाईकडे गेली आणि भावाचं ‘अजून काही कळलं नाही’ असं खोटं बोलली. मनुबाईने तिचा हात धरला.

“बाय, आता भांगच हाय,” ती म्हणाली. “आत्ताच न्या मना.”

शीलाने हळूच हात सोडवून घेतला. म्हणजे भाऊ खरं लिहितोय. आणि तिला आठवलं, पहिल्याच आठवड्यात आपल्या वहीत आपणही लिहून ठेवलं होतं: ‘भांगेचा विषय पुन्हा.’

२

तरी एक गोष्ट तिला खुपत होती. जुन्या फाइलीत, ती येण्याआधीच्या, दोन गृहभेटींची नोंद होती, दोन्हींत एकच ओळ: ‘घरास कुलूप, शेजारीही घरी नाहीत.’ अख्खी आळी कुलपात? कोळीवाड्यात? चोरसुद्धा अशी नोंद वाचून तिकडे धावला असता.

बुधवारी दुपारी ती रिक्षाने खाडीवर गेली. मनात भावाला ऐकवायची चार वाक्यं तयार होती. त्यातलं एक फारच जहाल होतं आणि ते तिला आवडलंही होतं.

ते वापरायची वेळ आली नाही. काळुराम ओटीवर दोन माणसांसोबत फाटकं जाळं शिवत बसला होता. पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी मच्छीमार सोसायटीचं इतिवृत्ताचं बाड, त्यावर त्याची वळणदार सही. सोसायटीचा सेक्रेटरी होता तो, गेली आठ वर्षं.

शीलाने पर्समधून पत्राची झेरॉक्स काढली आणि आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग सहीकडे. सही करणारा माणूस अंगठा कशाला देईल? ज्याने हे केलं त्याने कोळी म्हटला की अडाणी असणार, असं गृहीत धरलं होतं. तुच्छतेला एक खोड असते, ती खात्री करून घेत नाही.

काळुरामने पत्र वाचलं आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. मग बराच वेळ तो जे सांगत होता ते शीला ऐकत राहिली. बहिणीचं पोर तापाने गेलं, तिची शुद्ध हरपली, नवऱ्याने तिला केंद्राच्या दारात सोडलं आणि दुसरा संसार थाटला. दाखल करायच्या कागदावर सही काळुरामचीच. आधी बरीच वर्षं त्याला तोंड दाखवायचा धीर झाला नाही; गेल्या दोन वर्षांत मात्र तो चारदा भेटायला आला होता, सुके बोंबील घेऊन. दरवेळी वॉचमनने आत फोन लावला आणि दरवेळी आतून उत्तर आलं.

“मना बोलले, भैन तुमचं तोंड बघायला तयार नाय,” काळुराम म्हणाला. “मी म्हटला, बरोबरच हाय. सही मीच केलेली.”

शेवटचा आला तो आठ महिन्यांपूर्वी, आई गेली हे सांगायला. आत सोडलं नाहीच. त्याने चिठ्ठी लिहून वॉचमनकडे दिली. बहीण दहाव्याला आली नाही, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं की आता पुन्हा जायचं नाही. शीलाचा निरोप त्याला मिळालाच नव्हता.

मनुबाई आईकडे जायचं म्हणून पिशवी भरून बसली होती आणि आई जाऊन आठ महिने झाले होते.

काळुरामची बायको भाविका चहा घेऊन आली. काहीतरी बोलायचं म्हणून शीलाने विचारलं, एवढ्या दुपारी पुरुष माणसं घरी कशी.

“भांग हाय ना,” भाविका म्हणाली. “भांगात काय, बाप्ये घरीच.”

चहाचा कप शीलाच्या हातात तसाच राहिला.

३

भांग. दर पंधरा दिवसांनी, अष्टमीच्या आगेमागे, भरती-ओहोटीचा जोर मरतो. पाणी धावत नाही, जाळं भरत नाही, होड्या काठाला. पौर्णिमा-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. शाळेत शीलाने हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं, ‘भांगाची भरती’, आणि पेपर देऊन विसरून गेली होती. संगमनेरला समुद्र नाही, हा काही बचाव नव्हे.

मनुबाई अकरा वर्षं नशा मागत नव्हती. आपल्या माणसांना कधी गाठायचं, तो दिवस सांगत होती. भांगाला न्या, तेव्हा घरी कुणीतरी असतं. त्या दोन जुन्या गृहभेटींच्या तारखांना कोणती तिथी होती, ते शीलाने विचारलं. काळुरामने सोसायटीच्या बाडात पाहून सांगितलं. एक पौर्णिमा, एक अवसेचा दुसरा दिवस. पुरुष पाण्यावर, बायका बंदरावर. रुग्ण पत्ता देत होती, वेळ देत होती, आणि शिकलेली माणसं तिच्या तोंडून आजार लिहून घेत होती. त्यांतली एक शीलाही.

पण मग पत्राचं काय? ‘भांगेचे व्यसन’ हे शब्द खाडीकाठच्या माणसाच्या लेखणीतून येणंच शक्य नव्हतं. हा गैरसमज फक्त केंद्राच्या चार भिंतींत राहत होता. तो जिथे राहत होता तिथलाच पत्र लिहिणारा.

गुरुवारी शीलाने आधी फाटक गाठलं. वॉचमन भिवाजीने रजिस्टर उघडून दाखवलं: काळुराम, चार वेळा. चिठ्ठी त्याने ऑफिसच्या टपालपेटीत टाकली होती. आतून फोनवर कोण बोलायचं, ते त्याला सांगता येईना.

“मी विचारतो, आतून ‘नाही’ असं येतं,” तो म्हणाला. “आत कोण ते मला दिसतं का, मॅडम? आत सगळे साहेबच.”

पेटीची किल्ली तिघांकडे. फाइलीही तिघांच्या हातात.

डॉक्टर सलिल खुशीत होते. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत त्यांचा पेपर होता आणि पेपरात मनुबाई होती. अंमली पदार्थाच्या आठवणीने वर्षानुवर्षं पछाडलेली ग्रामीण स्त्री, असं काहीसं. मनुबाई घरी गेली तर त्यांचा नमुनाच हातचा जायचा. म्हणजे रकान्यात नफा होता. पण शीलाने पत्राचा विषय काढताच ते चिडले, आणि चिडले ते भावावर नव्हे, शीलावर. भावाला एकदा समोर बसवा म्हणून त्यांनी तिच्यामागे चार महिने लकडा लावला होता, हिस्टरी अर्धी राहिली होती. आता हा नालायक पत्र लिहून मोकळा झाला. शीलाने त्यांच्या नोंदी मागून घेतल्या. सगळ्या इंग्रजीत, मराठीत त्यांना स्वतःचं आडनावही धड लिहिता येत नसे, आणि याचा त्यांना थोडा अभिमानच होता. व्यसनाचा उल्लेख होता, पण ‘अधूनमधून’ असा. महिन्यातून दहा मिनिटं पेशंट पाहणाऱ्याला पंधरवडा कुठून मोजता येणार?

मेट्रन समीक्षाचा नफा उघड होता. वॉर्डातल्या नऊ म्हाताऱ्यांना रोज आंघोळ मनुबाई घालायची आणि आयांच्या ड्युटीचा तक्ता त्यावर बेतलेला होता. शीलाने तिला पत्राबद्दल काहीच विचारलं नाही. औषधांची ट्रॉली लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे भांग कशाला म्हणतात?

“पाणी मरतं ना अष्टमीला, त्याला,” समीक्षा म्हणाली. “आम्ही हर्णैचे. का हो?”

“मग डॉक्टर नशा लिहीत होते तेव्हा बोलला नाहीत?”

समीक्षाने गोळ्यांची पाकिटं पुन्हा एकदा सारखी केली. “राउंडला डॉक्टरांना कोण दुरुस्त करतं? आणि मला कुणी विचारलंही नाही.”

अकरा वर्षांची कैद उघडणारी किल्ली या बाईच्या पदराला बांधलेली होती, आणि ती कुणी मागितली नाही म्हणून तिने दिली नाही. हा गुन्हा कुठल्याच कलमात बसत नाही. म्हणूनच तो इतका चालतो. पण पत्र तिचं नव्हतं. भांग म्हणजे काय हे ठाऊक असलेली बाई भावाच्या तोंडी असलं खुळं वाक्य घालणार नाही.

उरला सुदेश. शीला स्वयंपाकघरात गेली.

४

स्वयंपाकघराच्या दारावर ‘व्यवसायोपचार विभाग’ अशी पाटी आहे. आत व्यवसाय भरपूर, उपचार शोधावा लागतो. मनुबाई पोळपाटासमोर बसलेली होती. सकाळच्या सव्वाशे चपात्या, संध्याकाळच्या सव्वाशे, मध्ये भाजी, मध्ये म्हाताऱ्यांच्या आंघोळी. पिशवी शेजारी. नेहमीच्या स्टुलावर बसून सुदेश यादी करत होता, वर ‘सदर किराणा’, खाली ‘सबब मंजुरी मिळावी’.

सुदेश हा हसतमुख मनुष्य. पेशंटांना ताई-माई म्हणणारा, वाढदिवसाला केक कापणारा. संस्थेच्या बैठकीत त्याने भाऊंना, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांना, शब्द दिला होता की डोंबिवलीचं केंद्र तो एकही स्वयंपाकी न घेता चालवून दाखवील. त्या शब्दावर त्याला तिथली इन्चार्जची खुर्ची मिळाली होती. शब्द त्याचा, हात मनुबाईचे.

शीलाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. हे तिला चांगलं जमायचं. या धंद्यातली ती एकच कला होती जिचा कुणी हेवा करत नसे. भाऊ फारच तुटक निघाला, ती म्हणाली. पत्र द्यायला स्वतः आलेला की धाडलं कुणाकडून?

“स्वतः आलेला ना, गेल्या मंगळवारी,” सुदेश म्हणाला. “मी समजावलं त्याला. पण काय करणार, घरच्यांनी भोगलेलं असतं. मला म्हणाला, साहेब, भांग लागली की ती आम्हाला जगू देत नाही. दर पंधरवड्याला तेच.”

“असं त्याच्या तोंडाने म्हणाला?”

“इथे, याच स्टुलावर बसून.”

मनुबाईचं लाटणं थांबलं होतं. तिने सुदेशकडे पाहिलं, मग शीलाकडे, आणि कणकेचा पुढचा गोळा घेतला.

“काळू असा नाय बोलणार,” ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे.

सुदेश हसला. शीलाही हसली, आणि भाऊंकडे शुक्रवारची वेळ मागायला निघून गेली. तिच्या हातात एकच दिवस होता.

५

शुक्रवारी अकरा वाजता भाऊंच्या खोलीत चौघांना बोलावलं होतं, पाचवा काळुराम शीलाबरोबर आला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. सुदेशने काळुरामला नमस्कार केला नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून ज्याची समजूत घातली त्याला ओळखही न देणं, हे शीलाने मनात टिपून ठेवलं.

ती फार वेळ बोलली नाही. भांग म्हणजे काय ते समीक्षाकडून वदवून घेतलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी वैताग आला, मग हळूहळू पेपर डोळ्यांसमोर फाटत गेला. पुढे ती एकेक दार बंद करत गेली. पत्र भावाचं नाही, कारण त्याच्या घरात भांग हे व्यसन असूच शकत नाही, आणि तो अंगठाही देत नाही. समीक्षाचं नाही, कारण तिला शब्द ठाऊक. डॉक्टरांचं नाही, कारण त्यांना भाऊ हवा होता, मराठी लिहिता येत नव्हतं आणि पंधरवडा माहीत नव्हता. दर पंधरा दिवसांनी मनुबाई हे बोलते, हे कळायला तिच्याजवळ दिवसभर बसणारा माणूस हवा. शिवाय ‘सदर’ आणि ‘सबब’ लिहिल्याशिवाय ज्याचं वाक्य संपत नाही, असा.

“आणि हे सगळं नसतं तरी चाललं असतं,” शीला म्हणाली. “भाऊ आपल्या तोंडाने भांग लागली असं बोलला, हे सुदेश साहेबांनीच काल मला सांगितलं. कोळी माणूस तसं बोलणार नाही. तसं फक्त आपण बोलतो.”

सुदेश म्हणाला की हा शब्दांचा खेळ झाला. गैरसमज कुणाचाही होऊ शकतो. तो बराच वेळ संस्थेच्या हिताबद्दल बोलला.

काळुरामने टेबलावरचं पत्र पुढे ओढलं, अंगठ्यावर बोट ठेवलं.

“साहेब, ह्यो अंगठा तुमचा का?”

सुदेशचा डावा हात टेबलावरून उतरून मांडीवर गेला. अख्ख्या खोलीने तो जाताना पाहिला.

मग जे बाहेर आलं ते ऐकण्यासारखं नव्हतं, कारण त्यात काही नव्हतंच. जमीन नाही, वैर नाही, जुना सूड नाही. फाटकावरून फोन आला की तोच उचलायचा. शीलाचा निरोपही त्यानेच ठेवून घेतला होता. आई गेल्याची चिठ्ठी त्याने वाचून फाडली होती, कारण दहाव्याला गेलेली बाई परत येते न येते. आठवडाभर चपात्या कोण लाटणार? एवढंच. एका माणसाचं उरलेलं आयुष्य त्याने अडीचशे चपात्यांसाठी दाबून ठेवलं होतं, आणि बोलताना त्याच्या स्वरात तक्रार होती की संस्थेने त्याची अडचण कधी समजून घेतली नाही.

भाऊंनी पाणी मागवलं. बाहेर काही जाता कामा नये, हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, की रुग्णेला अर्थातच आजच घरी सोडावं.

आई गेल्याचं सांगायचं काम साहजिकच शीलावर आलं. डॉक्टरांना त्याच वेळी राउंड आठवला. पॅसेजमधल्या टेबलाशी, वजनकाट्यावर बसवून, तिने ते सांगितलं. मनुबाई रडली नाही. बोटांवर तिने महिने मोजले, पुन्हा मोजले.

“मंग मी कुणाकडं चालले?” तिने विचारलं.

काळुराम पुढे आला, त्याने पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने बहिणीचं मनगट धरलं, लहान पोराला रस्ता ओलांडताना धरतात तसं. ती उठली.

आता कुणी काय भरलं ते.

सुदेशला लेखी समज मिळाली. डोंबिवलीची खुर्ची मात्र शाबूत राहिली, कारण तिथे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. स्वयंपाकाला दोन बायका पगारावर ठेवाव्या लागल्या आणि त्या दोघींना मिळून मनुबाईच्या वेगाने लाटता येत नाही, अशी त्याची तक्रार आहे. डॉक्टर सलिल पुण्याला गेले. बोलीभाषेमुळे होणारी निदानातली चूक, असा नवा पेपर त्यांनी वाचला, टाळ्या मिळाल्या. चूक कुणाची ते त्यात नव्हतं. समीक्षाने म्हाताऱ्यांच्या आंघोळी एक दिवसाआड केल्या, म्हणजे नऊ म्हाताऱ्यांनी थोडं भरलं. शीलाचा करार मार्चमध्ये संपला आणि पुढे वाढला नाही. शेऱ्यात लिहिलं, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत. काळुरामने एक खोली बहिणीला मोकळी करून दिली. नव्या रस्त्याची आखणी खाडीच्या पलीकडून झाली, म्हणजे त्याच्या नावे सगळ्यांनी मांडलेला तो नफाही गेला.

आणि मनुबाईने भरली अकरा वर्षं, आणि एक आई.